सान्वीचा उजवा हात

वर्तकनगर, ठाणे
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

सौ. शीलाबाई यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी आनंदात चालली असेल. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकते, हे तुम्हाला मुलांच्या साखरपुड्यापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. तुमच्या गावचा साईनाथ भाजीचा टेम्पो घेऊन आमच्या दारावरूनच जातो, त्याच्या हाती देते आहे.

आपली नात आई-बाबांशिवाय पहिल्यांदाच खडवलीला राहते आहे. अपूर्व आणि अमृताने परस्पर ठरवलं आणि मला नुसतं कळवलं. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली सात वर्षांची पोर इतके दिवस गावी एकटी राहील, असं मला वाटत नव्हतं. आता गेलीच आहे तर काही गोष्टी लिहिते, राग मानू नये. पाणी उकळून द्यावं. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालावा. नदी, विहीर आणि बैल यांच्याजवळ जाऊ देऊ नये.

शुक्रवारी आठ तारखेला तिला माझ्याकडे आणून सोडावं. तिच्यासाठी किल्ला अजून मोडलेला नाही. सोसायटीतली मुलं मावळे पळवताहेत, मी राखण करते आहे.

आपली,
मंदाकिनी


खडवली
४ नोव्हेंबर

आदरणीय मंदाकिनीताई,
नमस्कार.

पत्र मिळालं. सान्वीच्या आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. बैलाचं वाचताना हसू आलं त्यांना. ताई, आमच्याकडे बैल राहिलेत कुठे? ट्रॅक्टर आहे, आणि त्याच्यावर ती बसून झाली. बंद होता, काळजी करू नका.

पोरगी मजेत आहे. सकाळी उठल्या उठल्या शेजारच्या उर्वीला हाक मारते. दोघी भाताच्या खळ्यावर जातात, दाणे वेचून कोंबड्यांना घालतात. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर विचारते, "आजी, डोंबिवलीत असं पीठ का नाही मिळत?" मला इतका आनंद झाला की मी तिसरी करायला घेतली.

पाणी उकळूनच देते. नदीवर नेलेलं नाही. शुक्रवारी साईनाथ तिला सोडेल. सोबत थोडी काकडी आणि नव्या तांदळाची पिशवी पाठवते, नाही म्हणू नका.

तुमची,
शीला


खडवली
७ नोव्हेंबर

आदरणीय मंदाकिनीताई,
नमस्कार.

घाईत लिहितेय. सान्वीला उद्या पाठवायला जमणार नाही. तिला इथे फार करमलंय, आणखी थोडे दिवस राहते म्हणते. अमृतापण रजा टाकून आलेली आहे, खूप वर्षांनी माहेरी निवांत राहतेय. शाळा उघडायच्या आत दोघी येतील.

सान्वी बरी आहे. जेवते, झोपते. तुमची आठवण काढते.

साईनाथबरोबर काकडी पाठवलीय. तांदूळ पुढच्या वेळी.

तुमची,
शीला


वर्तकनगर, ठाणे
८ नोव्हेंबर

सौ. शीलाबाई यांस,
स. न. वि. वि.

काकडी मिळाली. नात मिळाली नाही.

मी स्पष्ट लिहिते. तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. पालकांच्या चिठ्ठीत "मुलाला बरं वाटत नव्हतं" एवढंच असलं की खरं काय ते मला कळायचं. तुमचं आधीचं पत्र भाकरीपासून कोंबडीपर्यंत भरलेलं होतं. कालच्या पत्रात नुसतं "जेवते, झोपते". साईनाथला विचारलं तर तो माझ्याकडे बघेना, काकडीकडेच बघत राहिला. अपूर्व म्हणतो, खडवलीला रेंज नाही. मग व्हिडिओवर सान्वीचा चेहरा दाखवला तेव्हा रेंज कुठून आली? आणि नुसता चेहराच का? हनुवटीच्या खाली कॅमेरा जायला तयार नाही!

मला वाटतं ते असं: पोरीला तुमच्याकडचं वारं लागलं आहे, आणि अमृताच्या मनात तिला इकडे आणायचं नाही. माझ्या सूचना तुम्हाला जाचक वाटल्या असतील. तसं असेल तर तोंडावर सांगावं.

रविवारी मी स्वतः खडवलीला येते आहे. किल्ला आज मोडला.

मंदाकिनी


खडवली
८ नोव्हेंबर, संध्याकाळ

आदरणीय मंदाकिनीताई,

तुमचं पत्र अमृताने वाचलं आणि रडायला लागली. तिच्यावर राग धरू नका, तिच्या मनात तसलं काही नाही. उद्या साईनाथची खेप नाही, तरी त्याला हे पत्र घेऊन मुद्दाम पाठवते. तुम्ही रविवारी दारात उभ्या राहून बघण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळलेलं बरं.

सान्वीचा हात मोडलाय. उजवा, कोपराच्या वर. मंगळवारी पडली, मंगळवारीच ऑपरेशन झालं. आता ती चांगली आहे, हे लिहिताना माझ्या बाजूला बसून उर्वीला पत्त्यात हरवतेय. हे पहिलं वाचा, मग पुढचं.

आमच्या खळ्यावर पेंढ्याची उडवी रचलेली आहे, चांगली माणसापेक्षा उंच. तिच्यावर चढू नको म्हणून मी दोनदा ओरडलेली. भाकरी तव्यावर होती म्हणून आत गेले, तेवढ्यात ती वरून घसरली. धप्प आवाज आला. बाहेर येऊन बघते तर बसलेली होती, रडत नव्हती. हात असा वाकलेला, ताई, की पिठाच्या हातांनीच मी तिच्यापुढे बसले. मला म्हणते, "आजी, हा हात माझा वाटत नाहीये."

हे धावत आले. म्हणाले, पलीकडच्या गावात हाडवैद्य आहे, त्याच्याकडे नेऊ, माझा खांदा त्यानेच बसवलेला, ओढून दोन मिनिटांत सरळ करतो. दवाखान्यात गेलं की सगळा दिवस जातो. बोलता बोलता चपला पण घातल्या. शेजारपाजारचे जमले, ते पण तेच म्हणायला लागले.

मी सान्वीचे दोन्ही हात हातात धरलेले. डावा नेहमीसारखा कोमट. उजव्याची बोटं गार आणि पांढरी पडलेली. मी करंगळीला हळूच चिमटा काढला. तिला कळलाच नाही.

मी म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही. कल्याणला न्यायचं."

हे म्हणाले, "अगं, माझं ऐक तरी."

मी म्हटलं, "आज नाही. आज तुम्ही माझं ऐका."

घरात मी यांचं सगळं ऐकते असं काही नाही, तुम्हाला ते दिसतंच. पण अंगणात, चार माणसांसमोर, हे पहिल्यांदाच. यांचा चेहरा पडला. मला बघायला वेळ नव्हता.

साईनाथ नुकताच टेम्पो घेऊन आलेला. त्याने खोक्याचा जाड पुठ्ठा फाडला आणि हात होता तसाच, सरळ न करता, त्याच्यावर ठेवून माझ्या ओढणीने बांधला. अमृताला फोन केला, ती ऑफिसात होती. म्हणाली, "आई, थेट कल्याणला ने, मी तिथे येते. आणि तिला काही खायला देऊ नको, भूल द्यावी लागेल." सान्वी पाणी मागत होती. मी नुसते ओठ ओले केले. मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आंबिवलीच्या पुढे रस्ता खणून ठेवलेला. गाड्या अडकलेल्या, कुणी हलेना. तोवर हे पुढच्या सीटवर फुगून बसलेले होते. सान्वी मागे कण्हली, तसे दार उघडून खाली उतरले. डोक्याचा टॉवेल काढला आणि भर रस्त्यात उभं राहून तो हलवत, "पोरगी आहे, पोरीचा हात मोडलाय, मागे घे, मागे घे!" असं ओरडत एकेक गाडी बाजूला केली. एक बस मागे घ्यायला लावली, ताई! टेम्पो निघाला तसे धावत येऊन चढले. धापा टाकत होते. मग आमच्यात अबोला राहिला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर संचिता म्हणून आहेत, अमृतापेक्षा लहान असतील. त्यांनी मनगटावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. नाडी फार बारीक लागत होती. फोटो काढला. म्हणाल्या, हाड सरकून रक्ताच्या नळीवर दाब आलाय, आता लगेच घ्यायला हवं, उशीर झाला असता तर हाताला धोका होता. मग विचारलं, "कुणी ओढला-चोळला तर नाही ना?" मी यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

"काही खाल्लंय?" मी अभिमानाने सांगितलं, सकाळच्या न्याहारीनंतर पाणीसुद्धा नाही. तर तुमची नात म्हणते, "आजोबांनी अर्धी करंजी दिली. टेम्पोतून उतरताना."

भुलीच्या डॉक्टरांनी हात जोडले. "आजोबा, अर्धी करंजीसुद्धा करंजीच हो." पण थांबून चालणार नव्हतं. पोटात अन्न असलं तर भुलीत उलटी होऊन श्वासात जाऊ शकते, जास्त काळजी घेऊ, असं समजावून त्यांनी अमृताची सही घेतली. पोचली होती तेवढ्यात, केस विस्कटलेले. अपूर्वरावपण मागोमाग आले. मग दार बंद झालं.

हे बाहेर बाकावर बसून एकच म्हणत होते, "मी का दिली गं?" मी त्यांचा टॉवेल फक्त नीट घडी करून मांडीवर ठेवला.

बाहेर आणली तेव्हा हात पट्टीत गुंडाळलेला, बोटं तेवढी बाहेर. यांनी पहिली बोटं धरली. "गरम आहेत," म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आता तुमच्यापासून का लपवलं ते. अमृता म्हणाली, आईंचं बीपी आहे, दोन दिवस जाऊ देत. खरं तेच, पण माझ्या मनात वेगळंच होतं. पोरगी पहिल्यांदा एकटी आली आणि माझ्या अंगणात पडली. हे कळल्यावर तुम्ही तिला परत इकडे पाठवणार नाही, याची मला भीती वाटली. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी ऐकेन.

शीला


वर्तकनगर, ठाणे
९ नोव्हेंबर

प्रिय शीलाताई,

साईनाथ समोर बसून पोहे खातो आहे. त्याला सांगितलं, उत्तर घेतल्याशिवाय जायचं नाही. आज तो माझ्याकडे बघतो आहे, हे चांगलं लक्षण.

पत्र वाचून झाल्यावर मी बीपी मोजलं. नेहमीपेक्षा कमी निघालं. तेव्हा यापुढे माझ्या बीपीची सबब कुणी सांगू नये. अपूर्वला मी वेगळी समज देईन. रेंज नाही म्हणे! शाळेत त्याला खोटं बोलल्याबद्दल मी स्वतः बाकावर उभं केलं होतं, आता उंचीमुळे पंख्याला लागेल म्हणून सोडते.

मी खूप रडले, तेही सांगून टाकते. पोर पडली म्हणून रडले, तिची बोटं गार होती म्हणून रडले, आणि तुम्ही मला इतकं घाबरता हे वाचून जास्त रडले.

मग बसून विचार केला, मी तिथे असते तर काय केलं असतं. अपूर्वला फोन लावला असता. नीट ऐकू आलं नसतं, म्हणून शेजारच्या कादंबरीला बोलावलं असतं. तिने तिच्या भावाला विचारलं असतं. बर्फ लावून सूज उतरायची वाट बघू, असं कुणीतरी म्हटलं असतं आणि मला ते पटलं असतं. दुपार तिथेच झाली असती. शीलाताई, तुम्ही कुणाला काही विचारत बसला नाहीत. त्या वेळी तेच हवं होतं.

उडवीबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. पोरं चढतात. माझ्या पत्रातल्या सूचनांत पेंढा नव्हताच, तेव्हा सूचनाभंगही झालेला नाही.

आणि सान्वीला परत पाठवणार नाही म्हणता? मी स्वतःच येते आहे. साईनाथने उद्या सकाळी मला न्यायला यावं. टेम्पोत मी पुढे बसेन. तानाजीरावांना सांगा, करंजीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बस मागे घ्यायला लावली, त्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडून सगळं ऐकायचं आहे.

तुमची,
मंदाकिनी


डोंबिवली
६ डिसेंबर

प्रिय शीला,

तुझ्या घरी चार दिवस राहिल्यावर "अहो-जाहो" लिहायला हात वळत नाही. चालेल ना? तूही "आदरणीय" सोडून दे.

ठरल्याप्रमाणे मी मुलांकडे डोंबिवलीला राहायला आले आहे. सान्वीला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, अभ्यास घ्यायचा. ऑपरेशनमध्ये हाड धरून ठेवायला हातात घातलेल्या तारा मंगळवारी डॉक्टर संचितांनी काढल्या. सान्वी किंचाळेल म्हणून मी डोळे मिटले होते. उघडले तर ती विचारत होती, "ही तार मला घरी न्यायला मिळेल का?"

पण आता मला काळजी लागली आहे. हात सरळच होत नाही. कोपर काटकोनात आखडून बसलं आहे. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने दात घासते, उजवा नुसता पोटाशी धरून ठेवते. डॉक्टर म्हणतात, होईल. कधी होईल? फोटो चांगला आहे म्हणतात. फोटोला काय करायचं आहे?

इथे जो येतो तो मालिश सांगतो. कादंबरीने वर्तकनगरहून मुद्दाम तेलाची बाटली आणून दिली, म्हणाली, रोज गरम करून चोळा आणि हळूहळू ताणा, महिन्यात सरळ. अपूर्व म्हणतो, डॉक्टरांनी चोळायला सक्त मनाई केली आहे. मलाही ते ऐकू आलं होतं, चांगल्या कानाने. तरी काल मी बाटली हातात घेऊन तिच्या पलंगाशी गेले आणि परत आले. रोज तिचा तो आखडलेला हात बघवत नाही, शीला. तू सांगशील तसं करेन.

तुझी,
मंदाताई


खडवली
१० डिसेंबर

प्रिय मंदाताई,

बाटली आधी कपाटात ठेवा आणि कुलूप लावा!

पत्र यांनी वाचलं आणि "तेल" शब्द आला तसे उभेच राहिले. म्हणाले, "अजिबात नाही! चोळायचं नाही, ओढायचं नाही!" ताई, हा माणूस आता गावभर हेच सांगत फिरतो. परवा उर्वीचा बाप लंगडताना दिसला, तर यांनी त्याला ऐकून न घेता साईनाथच्या टेम्पोत घातला आणि कल्याणला नेला. वाटेत पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. डॉक्टरांनी बघितलं तर पायात काटा. काटा काढून परत आले. उर्वीचा बाप तेव्हापासून यांना बघितलं की सरळ चालतो.

तुमच्यासाठी मी काल कल्याणला जाऊन डॉक्टरांना भेटून आले. तुमचं नाव सांगितलं नाही, "एक आजी फार काळजी करतात" एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "कुठली, ठाण्याची का?" त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणाल्या, लहान मुलांचं कोपर असंच आखडतं आणि वापरता वापरता आपोआप सुटतं. चोळलं आणि जोर लावून ताणलं तर उलट जास्त आखडतं. दाखवलेले व्यायाम तिचे तिला करू द्या, खेळू द्या, आणि आजींना म्हणावं तिच्या हाताकडे सारखं बघू नका. बघितलं की ती लपवते.

हे शेवटचं मला पटलं. मलापण तिच्या हाताकडे बघायची सवय लागलेली, तुम्ही होतात तेव्हा आपण दोघी मिळून बघायचो. पोर बिचारी जेवणार कशी?

तेल वाया घालवू नका. अमृताच्या गॅलरीचं दार फार करकरतं, बिजागरीला लावा.

तुमची,
शीला


डोंबिवली
१५ जानेवारी २०२५

प्रिय शीला,

तिळगूळ घे. साईनाथबरोबर वड्या पाठवल्या आहेत, पण वीसच आहेत. वीसच का, ते शेवटी कळेल.

तुझं पत्र आल्यापासून मी न बघण्याचा सराव केला. सोपं नाही. जेवताना भिंतीकडे बघून बोलायचे, तर अमृता मला विचारते, "आई, मान आखडली का?" व्यायाम सान्वी करायची, पण माझ्यासमोर नाही. बाथरूममधून मोजल्याचा आवाज यायचा. डिसेंबर संपता संपता उजव्या हाताने पेन्सिल धरली. मग चमचा. अजून थोडा वाक उरला होता. डॉक्टर म्हणाल्या, राहू दे, घाई नाही. मी भिंतीकडे बघून "बरं" म्हटलं. गॅलरीचं दार मात्र आता मुळीच वाजत नाही.

काल संक्रांत. परवा मी तिळाच्या वड्या करून डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला होता. काल दुपारी सगळं आवरून जरा पडले. पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात तुझी-माझी नात. पाठमोरी. ओट्याजवळ टाचा उंचावून उभी. आधी डावा हात वर केला, डब्याला नुसता लागला. मग उजवा वर गेला. हळूहळू, आणखी वर, आणि कोपर उघडलं, शीला. पूर्ण. दोन्ही हातांनी तिने डबा धरला, खाली घेतला, झाकण काढलं आणि चोरासारखी एक वडी तोंडात टाकली. मग दुसरी. मग, साईनाथबरोबर उर्वीला पाठवायला असतील, दोन खिशात.

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते तसंच मिटलं आणि दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. मला "आजी" म्हणून हाक मारता येईल इतक्या जवळ ती होती, पण तिला मी दिसले नाही. तिने डबा परत वर ठेवला, पुन्हा तसाच, दोन्ही हात ताणून. आणि तोंड पुसत बाहेर पळाली.

हे मी अमृताला संध्याकाळी सांगितलं. ती मला मिठी मारून बराच वेळ उभी राहिली. अपूर्वने लगेच सान्वीला हाक मारली, हात दाखव म्हणायला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. काही विचारायचं नाही. तिने काही चोरलेलं नाही आणि आपण काही पाहिलेलं नाही.

सगळे टीव्हीसमोर बसल्यावर मी हळूच स्वयंपाकघरात गेले. तुझ्यासाठी काढून ठेवलेल्यातल्या वड्या डब्यात भरल्या, म्हणून तुला वीसच उरल्या. आणि डबा आणखी वरच्या फळीवर ठेवला.

तुझी,
मंदाताई